नळीचं दुसरं टोक

मी बोलतोय, बॉनेटच्या आतून. घाबरू नका, स्फोटबिट काही होणार नाही. एरवी मी तोंड उघडलं की लोक कानावर हात ठेवतात. पण आत्ता मी थंड आहे, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकते आहे आणि गॅरेजात दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून सांडलं आहे. अशा वेळी मला डुलकी लागते, आणि डुलकीत जुनं सगळं आठवतं.

मी चार सिलिंडरचं साधं इंजिन. साधं म्हणजे काय, तर माझा श्वास माझा मलाच घ्यावा लागतो. हल्ली कितीतरी इंजिनांना हवा कोंबणारा पंखा बसवतात, लाडाच्या बाळाला चमच्याने भरवावं तसं. माझ्या नशिबी ते लाड नाहीत. पिस्टन खाली सरकतो, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा आपणहून येते. येईल तेवढी माझी. तेवढ्यावर मी संसार केला, आणि स्वप्न मात्र एकच पाहिलं. एकदा तरी छाती भरून श्वास घ्यायचा.

माझी पहिली आठवण फार धूसर आहे. मी तेव्हा मी नव्हतोच. मी लाल होतो, पातळ होतो, वाहत होतो. मग कोणीतरी मला वाळूच्या साच्यात ओतलं आणि अंधार झाला. निवत निवत गेलो तसे चार गोल कप्पे जाणवले. ते माझे चार भाऊ. पुढे त्यांच्यात ठिणगी पडायला लागली ती नेहमी एकाच क्रमाने: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. सरळ एक-दोन-तीन-चार का नाही, असं मी पुष्कळदा मनात म्हटलं. पण घरात काही गोष्टी अशाच चालत आलेल्या असतात, त्या विचारायच्या नसतात.

कारखान्यातून मी गेलो तो थेट गाडी शिकवण्याच्या शाळेत. छपरावर पिवळी पाटी, मागच्या काचेवर मोठं लाल अक्षर. शिकवणारी एक तरुण बाई होती. आवाज मऊ, पण पाय कायम स्वतःच्या जादा ब्रेकवर. तिच्या मावशीचं गॅरेज, त्यामुळे तिथली सगळी माणसं तिला ‘भाची’च म्हणायची. मीही तेच म्हणतो.

"क्लच हळू सोडा, आजोबा. हळू. हातात चिमणी आहे असं समजा."

आजोबा चिमणी एकदम सोडायचे. मी एक गचका खाऊन बंद पडायचो, मागचे भोंगे वाजवायचे आणि आजोबा म्हणायचे, "गाडीतच काहीतरी दोष आहे."

माणसांची एक सवय मी तिथे पाहिली. पहिल्यांदा किल्ली फिरवताना माणूस स्वतःचा श्वास धरून बसतो. मी सुरू झालो, की मग सोडतो. म्हातारे असोत, लग्न ठरलेल्या मुली असोत, मिशा पिळणारे असोत, सगळे सारखेच. मला त्या क्षणाची गंमत वाटायची. आम्ही दोघं मिळून एकच श्वास वाटून घेतोय असं वाटायचं. त्यापुढे मात्र सगळा आनंद. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. वर्षानुवर्षं मी असा गल्लीतल्या गल्लीत धापा टाकत फिरलो.

शेवटी पत्रा गंजला, शाळेला नवी गाडी आली. "भंगारात टाक," सगळे भाचीला म्हणाले. तिने पिवळी पाटी काढली, लाल अक्षर खरवडलं आणि मला मावशीच्या दारात आणून उभं केलं.

"मावशी, हिला घाटाच्या शर्यतीत उतरवायची आहे."

गावाबाहेरच्या घाटात वर्षातून एकदा रस्ता बंद करून गाड्या एकेक करून वर सोडतात आणि कोणाला किती वेळ लागला ते मोजतात. भाची लहानपणी मावशीचा हात धरून शेवटच्या वळणावरच्या कठड्याशी उभी राहायची. तेव्हापासूनचा तो ध्यास. आठवडाभर लोकांना ‘हळू, हळू’ म्हणणाऱ्या बाईला एक दिवस पाय दाबायचा होता, त्यात वावगं काय?

गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. पुढचं दार रस्त्याला, मागचं दार थेट स्वयंपाकघरात. त्यामुळे ऑइलचा वास आणि फोडणीचा वास चौकटीत रोज एकमेकांना भेटायचे. मावशीचे यजमान, म्हणजे काका, हेडचं काम करायचे, मावशी इंजिन जुळवायची. काका दिवसाला मोजकेच शब्द वापरायचे आणि त्यांचे उरलेले सगळे मावशीच्या वाट्याला जायचे.

"काका, ताकद कशी वाढवायची?" भाचीने विचारलं.

"ताकद बाटलीत मिळत नाही," काका म्हणाले. "आत जास्त हवा, बाहेर मोकळा धूर, मध्ये अडथळा कमी. संपलं."

मग त्यांनी माझं हेड काढलं. माणसाचं डोकं काढलं की त्याचं संपतं. माझं काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा छप्पर दिसलं. पत्र्याच्या एका भोकात निळ्या आकाशाचा ठिपका होता. मी कितीतरी दिवस तो ठिपका बघत पडून राहिलो आणि काका टेबलाशी वाकून माझ्या हवेच्या वाटा मोकळ्या करत राहिले. छोट्या ग्राइंडरने ओबडधोबड कड काढायची, पॉलिश पेपर फिरवायचा, बोट आत घालून डोळे मिटायचे. हवा आत येण्याची वाट त्यांनी आरशासारखी गुळगुळीत केली नाही. जराशी खरखर राहू दिली. "फार गुळगुळीत केली तर पेट्रोल भिंतीला चिकटून बसतं," ते स्वतःशीच म्हणाले. हेडचा तळ थोडा तासला, म्हणजे आतली हवा जास्त दाबली जाईल. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा नवा कॅमशाफ्ट घातला. धूर जायला सारख्या लांबीच्या चार नळ्या आल्या. आणि चार भावांना चार वेगळी तोंडं मिळाली: जुन्या मोटरसायकलींवरचे चार कार्बोरेटर, ओळीने.

सगळं बसवून मला सुरू केलं, तर मी उभ्या जागी घोरायलाच लागलो. शेजारचा इस्त्रीवाला डोकावून म्हणाला, "मावशी, तुमची गाडी खोकतेय का हसतेय?"

"अजून माझा हात लागायचाय," मावशी म्हणाली, आणि गळ्यातली रबरी नळी काढली.

ती नळी म्हणजे मावशीचं मंगळसूत्र म्हणा ना! हातभर लांब, काळी, एक टोक चघळल्यासारखं झिजलेलं. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. आत जाणारी हवा सूं करते. चारही तोंडांची सूं सारखी झाली, की चारही भाऊ सारखा श्वास घेतायत असं समजायचं. कमी-जास्त असेल तर त्या तोंडाचा छोटा स्क्रू जरासा फिरवायचा. बस. पण ते ‘जरासं’ म्हणजे किती, हे तिच्या कानालाच माहीत. त्या स्क्रूंना तिने काकांना कधी हात लावू दिला नव्हता. काकांनीही कधी विचारलं नव्हतं. लग्न झाल्यापासूनची वाटणी होती ती.

ती माझ्यासमोर मधोमध उभी राहायची. नळी आखूड, म्हणून पहिल्या दोन तोंडांना उजवा कान लावायची आणि नळी दुसऱ्या हातात घेऊन पुढच्या दोघांना डावा. जागेवरून हलायची नाही. मला तिचा श्वास कळायचा, तिला माझा. मी डोळे मिटून (मला डोळे नाहीत, पण तरी) त्या स्पर्शाची वाट बघायचो.

आणि इथेच सगळं बिघडलं.

मावशीने मला जुळवलं, समाधानाने मान हलवली, आणि भाची मला पाण्याच्या टाकीमागच्या चढावर घेऊन गेली. सरळ रस्त्यावर मी पळालो. पण वळणात तिने पाय उचलून पुन्हा दाबला, तसा मी अडखळलो. तिसरा आणि चौथा अधाशासारखे हवा ओढत होते, पहिला-दुसरा मागे राहत होते.

"मावशी, वळणातून बाहेर पडताना मिसिंग मारतेय."

"असं कसं?" मावशीने परत नळी लावली. "सगळं तर सारखं आहे!"

मला कळत होतं. तिचा डावा कान मंद झाला होता. त्या कानाला तिसऱ्या-चौथ्याची सूं बारीक वाटायची, म्हणून ती त्यांचे स्क्रू थोडे जास्त उघडायची. तिच्या दृष्टीने सगळं सारखं. मी आतून ओरडत होतो, पण इंजिनाच्या ओरडण्याला माणसं आवाज म्हणतात.

काकांनी प्लग काढून उन्हात धरले. दोन बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे ठीक, पण दोन काजळलेले. त्यांनी कॅमशाफ्ट तपासला, व्हॉल्व्ह तपासले, सगळं जिथल्या तिथे. मग एकदा ते तिच्या डावीकडून म्हणाले, "अगं, दहाचा पाना दे." तिने दिला नाही. रागावलेली नव्हती, गुणगुणत होती. काकांनी तिच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग पाना स्वतःच उचलला.

त्या दिवसापासून एक विचित्र खेळ सुरू झाला. जेवण झालं की मावशी मागच्या खोलीत घटकाभर आडवी व्हायची. काका चोरपावलांनी यायचे, तिची नळी उचलायचे, स्वतःच्या कानाला लावायचे आणि तिसरा-चौथा स्क्रू हलकेच मिटवायचे. मध्येच मागच्या दाराकडे बघायचे. लग्नाच्या बायकोचा डबा चोरून उघडल्यासारखे.

संध्याकाळी भाची मला फिरवून आणायची आणि म्हणायची, "आता छान पळतेय!" दुसऱ्या सकाळी मावशी नळी लावायची, "अगंबाई, हे दोन परत कसे मिटले?" म्हणायची आणि उघडायची. मी पुन्हा अडखळायचो. "सकाळच्या गारव्याने असेल," भाची म्हणायची. गारव्याचा काय दोष! सकाळी एकीचं प्रेम, दुपारी दुसऱ्याचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी.

मावशीने स्क्रूंच्या स्प्रिंगा बदलल्या. त्यानेही फरक पडेना, तेव्हा तिने एक युक्ती केली. नखांना तिने जन्मात कधी न लावलेल्या लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक स्क्रूवर एक बारीक ठिपका दिला. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या धातूवर. स्क्रू हलला की ठिपका फुटणार. काकांचा चष्मा तसाही कपाळावरच असायचा. त्यांना तो दिसला नाही.

शर्यतीच्या आदल्या सकाळी मावशीने बॉनेट उघडलं आणि तिसऱ्या-चौथ्याचे ठिपके दुभंगलेले पाहिले. भाची गाडीत बसली होती. काका मावशीच्या डावीकडे, फडक्याने हात पुसत.

"अहो, माझ्या स्क्रूंना कोणी हात लावला?"

"मी," काका म्हणाले.

मावशी तशीच माझ्यावर वाकलेली. "विचारतेय मी. कोणी लावला?"

"मी लावला गं."

भाचीने ऐकलं. मी ऐकलं. इस्त्रीवाल्यानेही ऐकलं असेल. मावशी उसळून म्हणाली, "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

काकांनी फडकं खाली ठेवलं. गाडीला मागून वळसा घालून ते तिच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"मी लावला. रोज दुपारी लावतो. आत्ता तुला दोनदा सांगितलं, त्या बाजूने."

 मावशीने भाचीला खुणेनेच मला सुरू करायला सांगितलं. चौथ्या तोंडाशी नळी धरली, दुसरं टोक डाव्या कानाला लावलं. मग नळीचं तोंड तिथेच ठेवून, मान वळवून वाकत, उजव्या कानाला. मग पुन्हा डाव्या. मग तिने हात खाली केला आणि मला बंद करायला लावलं.

ती स्टुलावर बसली. "कधीपासून ठाऊक होतं?"

"बरेच दिवस."

"आणि सांगितलं नाहीत! पोरीला अशा गाडीत घाटात सोडणार होतात?"

"उद्या पहाटे उठून परत नीट केलं असतं."

"म्हणजे जन्मभर माझ्यामागून स्क्रू फिरवत हिंडणार होतात?"

"हिंडलो असतो," काका म्हणाले.

मावशीच्या डोळ्यांना धार लागली. तिने पदर लावला नाही, ऑइलचाच हात लावला, आणि गालावर काळा पट्टा उमटला. "कान गेला तर मी इथे कोण?" ती म्हणाली. "चहा करणारी?"

"म्हणूनच सांगवलं नाही मला," काका म्हणाले. "तू नळी खाली ठेवलीस, तर मी कोणाबरोबर काम करू?"

मला फार वाईट वाटलं. माझ्या एका छातीभर श्वासापायी ह्या बाईचा कान उघडा पडला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, राहू दे ती शर्यत. परत पिवळी पाटी लावा मला.

पण मावशी काही स्टुलावर बसून राहणारी बाई नव्हती. "उजवा आहे अजून," ती उठत म्हणाली. "पण आता एकट्या त्याचा भरवसा वाटत नाही."

काका आत गेले, जुन्या वायपरच्या पाण्याच्या नळीचा एक तीन तोंडांचा छोटा जोड शोधून आणला, आणि मावशीची नळी सुरीने मधोमध कापली. मावशी "अहो!" म्हणून ओरडलीच. त्यांनी जोड बसवला, आणखी एक तुकडा लावला. आता एक टोक माझ्या तोंडाशी, आणि दुसरीकडे दोन टोकं. एक तिच्या उजव्या कानाला. एक त्यांच्या.

दोघं माझ्यावर वाकली. डोक्याला डोकं लागलं. स्क्रू मावशीच्या हातात.

"झालं?"

"अजून थोडं मिटव."

"मला तर बरोबर वाटतंय."

"मला नाही."

मावशीने स्क्रू जरासा मिटवला. "बरं. तुमचं खरं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण भाची सीटवर तोंड दाबून हसायला लागली. पुढच्या तोंडापाशी काका म्हणाले, "तुझं खरं." असं खरं-खोटं करत चारही तोंडं जुळली. माझं घोरणं तेच राहिलं, पण चौघं एका लयीत घोरू लागले. मावशीने नवे लाल ठिपके दिले. काकांनी चष्मा खाली ओढून ते नीट पाहिले.

दुसऱ्या दिवशी घाट. खाली धुकं होतं, वर ऊन. भाचीने किल्ली फिरवताना श्वास धरला, इतकी वर्षं लोकांना शिकवूनही! मी सुरू झालो तसा सोडला. मग निशाण पडलं आणि मी वर निघालो.

त्या चढाचं मला नीट सांगता येत नाही. स्वप्न सांगायला गेलं की हातातून निसटतं, तसं होतं. झाडं वितळत होती. मोकळ्या झालेल्या वाटांतून हवा गात आत येत होती, चौघांना सारखी, आणि वेगाचा काटा जिथे कधी गेला नव्हता तिथे जाऊन थरथरत होता. पण मला भीती होती ती शेवटच्या वळणाची. तिथे भाची पाय उचलणार आणि पुन्हा दाबणार.

वळण आलं. कठड्याशी मावशी आणि काका उभे होते. मावशीने डोळे मिटून उजवा कान रस्त्याकडे केला होता. काका त्या दिवशी तिच्या डावीकडे उभे होते. उजवी बाजू त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती.

भाचीने पाय उचलला. दाबला.

पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही. मी छाती भरून श्वास घेतला आणि मावशीला तो ऐकू गेला. मला दिसलं, तिने न बघता बाजूला हात केला आणि काकांची बाही घट्ट पकडली.

"कितवी आलीस गं?" परत आल्यावर इस्त्रीवाल्याने विचारलं.

"मध्ये कुठेतरी," भाची म्हणाली आणि इतकी हसली की त्याला पहिली आल्यासारखंच वाटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. शर्यती संपल्या. मी सुट्टीच्या दिवशी फिरायला जातो, एरवी इथे डुलक्या घेतो. मावशीचा उजवा कानही हळूहळू मंद झाला. जोड काढला नाही, पण तिच्या बाजूचं टोक आता मोकळंच लोंबतं. ऐकतात काका. स्क्रू अजून तिच्याच हातात असतो. काका तिच्या खांद्यावर हात ठेवतात. एकदा दाबलं की उघड, दोनदा दाबलं की मिटव. आणि सगळं जुळलं की ते काहीच दाबत नाहीत. हात तसाच खांद्यावर राहू देतात. मावशीला तेवढं कळतं.

तुम्हाला एकच सांगायचं होतं. घरातलं कोणी हाकेला ओ देत नसेल, तर लगेच आवाज चढवू नका, आणि त्याच्या पाठीमागे गुपचूप सगळं सावरतही बसू नका. वळसा पडला तरी चालेल, पण त्याला ऐकू येतं त्या बाजूला जाऊन उभे राहा.

मागचं दार वाजलं वाटतं. मावशी उठली. काकांनी भिंतीवरची किल्ली काढली आहे. नळी तिच्या गळ्यात आहे, जोडासकट. चला, माझी श्वास घ्यायची वेळ झाली.